‘पाणी बरोबर चाललंय ना?’ : पोटाच्या डायलिसिसचे मोजमाप

पोटाचे डायलिसिस घेणारा माणूस तपासणीला आला, की खुर्चीत बसता बसताच विचारतो, “मॅडम, पाणी बरोबर चाललंय ना?” हातात शंभर पानी वही असते. वहीत पट्टीने रकाने आखलेले असतात. किती वाजता पाणी सोडले, पिशवी पिवळी होती की हिरवी, आत किती गेले, बाहेर किती आले. कुठे अक्षर बदललेले दिसले, की त्या दिवशी सुनेने किंवा शाळकरी नातीने नोंद केली हे ओळखू येते.

‘बरोबर’ हा शब्द त्याच्या मनात एका अर्थाने असतो आणि माझ्या मनात दुसऱ्या. त्याला विचारायचे असते, की रात्री धाप तर लागणार नाही ना, दोन घास गोड लागतील ना, पुढच्या महिन्यात नातवाच्या मुंजीला उभे राहता येईल ना. मी मात्र कित्येक वर्षे प्रयोगशाळेच्या कागदावरचा एक आकडा पाहून ‘हो, छान चाललंय’ असे उत्तर देत आले. या दोन ‘बरोबर’मधले अंतर कमी व्हावे, म्हणून हा लेखसंग्रह सिद्ध केला आहे.

विषयाशी ज्यांची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडे मुळापासून सांगते. पोटाच्या पोकळीला आतून अस्तर असावे तसा एक पातळ, ओलसर पडदा असतो. तोच आतड्यांवरूनही पसरलेला असतो. याला पेरिटोनियम म्हणतात, मराठी परिभाषेत पर्युदर. घडी उलगडून पसरला, तर त्याचे क्षेत्रफळ साधारण अंगावरच्या कातडीइतके भरेल. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. किडन्या निकामी झाल्या, की बेंबीच्या आसपास एक मऊ नळी कायमची बसवतात आणि तिच्यातून दोन लिटर निर्जंतुक पाणी पोटात सोडतात. त्या पाण्यात क्षार आणि ग्लुकोज असते. चार-सहा तासांत रक्तातला युरिया, क्रिएटिनिन, जादा पोटॅशियम पडद्यातून पाझरून त्या पाण्यात उतरते. ग्लुकोज शरीरातले जादा पाणी ओढून घेते. मग ते पाणी काढून टाकायचे आणि नवे भरायचे. याला कुणी ‘एक्स्चेंज’ म्हणते, कुणी ‘बॅग बदलणे’. आठवड्यातून दोन-तीनदा चार चार तास यंत्राला जोडून घेण्याऐवजी हे घरातच, रात्रंदिवस संथपणे चालू राहते.

हे संथपण मोजणाऱ्याला अडचणीत टाकते. यंत्रावरच्या डायलिसिसला सुरुवात आणि शेवट असतो, त्यामुळे आधीचा युरिया आणि नंतरचा युरिया अशी तुलना सरळ करता येते. इथे आधी आणि नंतर असे काहीच नसते. रक्तातला युरिया एका पातळीवर स्थिरावलेला असतो. ती पातळी कमी दिसली, तर डायलिसिस उत्तम चालले आहे असाही अर्थ निघतो, आणि माणसाचे जेवण तुटले आहे असाही निघतो. नुसता रक्ताचा रिपोर्ट पाहून निर्धास्त होण्यात मोठा धोका आहे तो यामुळे.

डायलिसिस हा शब्द ग्लासगोच्या टॉमस ग्रॅहमने 1861 मध्ये रूढ केला. पोटाच्या पडद्याचा असा उपयोग माणसावर पहिल्यांदा करून पाहिला तो जर्मनीत गेओर्ग गांटरने, 1923 मध्ये. पुढची कित्येक दशके ही शेवटच्या घडीला करायची धडपड होती. काचेच्या बाटल्या, कडक नळ्या आणि दर वेळी जंतुसंसर्गाची टांगती तलवार. 1968 मध्ये हेन्री टेंकहॉफने सिलिकॉनची मऊ नळी आणली. तिच्याभोवतीच्या कापडी कड्यांमध्ये शरीराचे ऊतक रुजते आणि नळी जागेवर पक्की होते. आजही बहुतेक रुग्णांच्या पोटात तिचेच वंशज आहेत.

या विषयाचा खरा जन्म मात्र एका हिशेबातून झाला. टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे रॉबर्ट पोपोविच हे अभियंते आणि जॅक मॉनक्रिफ हे डॉक्टर 1975 च्या सुमारास एका रुग्णापुढे अडले होते. त्याला यंत्रावर ठेवणे जमत नव्हते. पोपोविच यांनी उलटा विचार केला. पाणी झटपट आत-बाहेर करण्याऐवजी पोटातच तासन् तास राहू दिले, तर ते रक्ताइतकेच युरियाने भरेल. मग दिवसाला दोन-दोन लिटर पाच वेळा बदलले, की रोज तयार होणारा युरिया रोज बाहेर पडेल. म्हणजे मोजमाप आधी आले आणि उपचार त्यातून निघाला. वैद्यकात असे क्वचितच घडते. 1976 मध्ये त्यांनी या कल्पनेचा सारांश एका परिषदेकडे पाठवला, तो नाकारला गेला. 1978 मध्ये कार्ल नोल्फ यांच्या साथीने त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टोरोंटोत दिमित्रिओस ओरिओपुलोस यांनी बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या वापरल्या. इटलीतल्या पेरुजात बुऑनक्रिस्तियानी यांनी वाय आकाराची नळी आणली. तिच्यात नवे पाणी पोटात जाण्याआधी जोडणीतले जंतू धुऊन निघतात. त्यानंतर संसर्ग झपाट्याने कमी झाले आणि माणसे या उपचारावर वर्षानुवर्षे जगू लागली. वर्षानुवर्षे जगू लागली, म्हणूनच ‘पुरेसे किती?’ हा प्रश्न उभा राहिला.

त्याचे पहिले उत्तर यंत्राच्या डायलिसिसकडून उसने घेतले. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाची आकडेवारी नव्याने तपासून फ्रँक गॉच आणि जॉन सार्जंट यांनी 1985 मध्ये एक गुणोत्तर मांडले, ते केटी/व्ही. नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. शरीरातले एकूण पाणी म्हणजे एक हौद समजा. आठवड्याभरात या हौदातले किती पाणी युरियापासून पूर्ण स्वच्छ झाले, ते हौदाच्या मापाने भागायचे. उत्तर दोन आले, तर हौद आठवड्यात दोनदा धुतला गेला असे समजायचे.

एक उदाहरण करून पाहू. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या शरीरात साधारण साडेसत्तावीस लिटर पाणी असते. ती दिवसाला दोन लिटरच्या तीन पिशव्या वापरते. सहा लिटर आत जाते आणि सहा लिटर 800 मिली बाहेर येते. त्या पाण्यात युरियाचे प्रमाण रक्ताच्या 90 टक्के आहे. म्हणजे रोज सहा लिटरहून थोडे अधिक, आठवड्याला जवळपास 43 लिटर पाणी स्वच्छ झाले. याला साडेसत्तावीसने भागले, की येते 1.56. पण तिला अजून रोज अर्धा लिटर लघवी होते आणि लघवीत युरिया रक्ताच्या पाचपट आहे. म्हणजे किडन्या रोज आणखी अडीच लिटर, आठवड्याला साडेसतरा लिटर स्वच्छ करतात. त्याचे 0.64. एकूण झाले 2.2. आता वर्षभराने लघवी बंद झाली असे समजा. पिशव्या तितक्याच, नळी तीच, बाई तेवढ्याच काळजीने सगळे करते आहे, आणि आकडा पुन्हा 1.56 वर येतो. थकलेल्या किडन्यांची ती अर्धा लिटर लघवी एका पिशवीपेक्षा जास्त काम करत होती. वाचकाने या संग्रहातले बाकी सगळे विसरले आणि एवढे एक गणित लक्षात ठेवले, तरी मला चालेल.

हे गणित समजायला जगाला बराच वेळ लागला. 1996 मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या 680 रुग्णांचा कॅनूसा नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केटी/व्ही जितका जास्त, तितके मृत्यू कमी, असे त्यात दिसले. लगेच पुढच्या वर्षी अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी आठवड्याला 2.0 हे लक्ष्य ठरवून दिले. जगभर पिशव्या वाढल्या, अडीच-अडीच लिटर पाणी पोटात सोडले जाऊ लागले, रात्री चौथी-पाचवी पिशवी आली. ज्यांना ते जमेना, त्यांना ‘डायलिसिस अपुरे’ म्हणून यंत्रावर पाठवले गेले. पण त्या अभ्यासात एक गृहीतक दडलेले होते. पडद्यातून झालेली सफाई आणि किडनीतून झालेली सफाई एकाच मोलाची धरली होती. जोअॅन बार्गमन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये त्याच आकडेवारीतले हे दोन भाग वेगळे केले. तेव्हा असे दिसले, की वाचवत होती ती शिल्लक राहिलेली किडनी. पडद्यातून झालेल्या सफाईतल्या फरकाचा मृत्यूंशी संबंध दिसेना. लघवी मात्र दिवसाला 250 मिलीने जास्त असली, तर मृत्यूचा धोका 36 टक्क्यांनी कमी होता.

मेक्सिकोने यावर प्रत्यक्ष प्रयोग केला. पोटाचे डायलिसिस तिथे फार मोठ्या प्रमाणावर होत असे आणि प्रत्येक जादा पिशवीचा खर्च कुणाला तरी सोसावा लागत होता. अॅडेमेक्स नावाच्या या प्रयोगात 965 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या दोन लिटरच्या चार पिशव्या, दुसऱ्याला सफाई वाढवणारा जास्तीचा डोस. 2002 मध्ये निकाल आला. दोन्ही गटांतले जगण्याचे प्रमाण जवळपास सारखेच होते. पुढच्याच वर्षी हाँगकाँगच्या 320 रुग्णांच्या प्रयोगातही 1.7 च्या खालचे, मधले आणि 2.0 च्या वरचे असे तिन्ही गट जगण्याच्या बाबतीत सारखेच ठरले. मात्र 1.7 च्या खालच्या गटात तक्रारी जास्त होत्या आणि रक्तक्षयही जास्त होता. 2006 पासून आंतरराष्ट्रीय सूचनांमध्ये 1.7 हा आकडा दिसतो, त्याचा उगम इथे आहे. तो गाठायचा कळस नव्हे. त्याच्या खाली गेलात तर जपा, एवढेच तो सांगतो. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी तो परीक्षेतल्या पासिंगच्या मार्कांसारखा वापरला, हे मला इथे स्पष्टपणे लिहावेसे वाटते.

मी स्वतःही तसाच वापरला. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक मावशी येत असत. पहिल्या तपासणीत त्यांचा आकडा 1.61 होता, आठ-नऊ महिन्यांनी तो 1.90 झाला. पिशव्या तेवढ्याच, लघवी तेवढीच. मी त्यांचे कौतुक केले. त्या कसनुशा हसल्या आणि म्हणाल्या, “बरं वाटत नाही हो पण.” त्या गेल्यावर आमच्या डायलिसिसच्या सिस्टर केसपेपर घेऊन परत आल्या. वजनाच्या रकान्यावर बोट ठेवून त्या काही न बोलता उभ्या राहिल्या. 52 किलोचे 44 झाले होते. सफाई जराही वाढली नव्हती. मावशी उपाशी पडत चालल्या होत्या आणि हौदच लहान झाला होता. भागाकाराने मला चांगली बातमी दिली आणि मी ती तशीच पुढे दिली. पोटाच्या डायलिसिसमध्ये रोज पाच ते पंधरा ग्रॅम प्रथिने पाण्यातून निघून जातात. पोटातल्या ग्लुकोजने भूक मरते. अशा वेळी मोडाची उसळ, अंडे, पिठले यांचा हिशेब पिशव्यांच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा असतो. आहाराला या संग्रहात इतकी जागा दिली आहे, त्याचे कारण त्या मावशी आहेत.

युरियाच्या गणितावर विश्वास नसलेली मंडळी फार पूर्वीपासून होती. 1960 च्या दशकात सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्या लक्षात आले, की पोटाच्या डायलिसिसवरच्या रुग्णांच्या रक्तात युरिया जास्त असूनही त्यांच्या पायांच्या नसा यंत्रावरच्या रुग्णांपेक्षा चांगल्या राहतात. म्हणजे विष युरिया नसावे. त्याहून मोठ्या आकाराचे, पडद्यातून सावकाश झिरपणारे रेणू असावेत. या तर्कावर पुढे बरीच चर्चा आणि बरेच संशोधन झाले. त्यातून रोजच्या वापरातले माप काही निघाले नाही, पण युरिया हा फक्त साक्षीदार आहे, गुन्हेगार नाही, ही जाणीव तेव्हापासून राहिली.

दुसरी एक परंपरा पडद्याकडे पाहणारी. सगळ्यांचा पडदा सारखा नसतो. मिसूरीतल्या झ्बिलुट त्वार्दोव्स्की यांनी 1987 मध्ये त्यासाठी साधी चाचणी बसवली, तिचे नाव पेट. रात्रभराचे पाणी काढायचे, अडीच टक्के ग्लुकोजचे दोन लिटर सोडायचे, माणसाला कुशीवरून कुशीवर वळवत राहायचे आणि चार तासांनी पाण्यातल्या क्रिएटिनिनची रक्ताशी तुलना करायची. गुणोत्तर 0.81 च्या वर आले, तर पडदा जलद. 0.5 च्या खाली आले, तर संथ. मधल्यांचे आणखी दोन गट. पहिल्यांदा सगळ्यांना वाटले, की जलद पडद्याचा माणूस नशीबवान. विष भराभर निघते ना! पण कॅनूसाच्याच रुग्णांत जलद पडद्याचे लोक जास्त दगावत असल्याचे दिसले. कारण असे, की विष जसे भराभर बाहेर येते, तसे ग्लुकोजही भराभर आत शोषले जाते. मग पाणी ओढायला मागे काही उरत नाही. रात्रीचे आठ-दहा तासांचे पाणी सकाळी काढावे, तर सोडले त्याहून कमी येते. उरलेले अंगात मुरते, पायांना सूज, छातीत पाणी. अशा माणसाला थोडा थोडा वेळ पाणी ठेवणारे रात्रीचे यंत्र द्यावे लागते, किंवा लांबच्या मुक्कामासाठी ग्लुकोजऐवजी आयकोडेक्स्ट्रिन, कारण ते सहज शोषले जात नाही. पेट चाचणी एकदा करून फाईलला लावून ठेवायची नसते, हेही ओघाने आलेच. पडदा वर्षांगणिक बदलतो.

याच वाटेवर स्वीडनचे बेंग्ट रिप्पे यांचे तीन छिद्रांचे प्रारूप भेटते. मोठी, लहान आणि अतिसूक्ष्म अशी तीन प्रकारची छिद्रे पडद्यात आहेत असे धरले, की सगळी निरीक्षणे जुळतात. सर्वांत सूक्ष्म छिद्रातून फक्त पाणी जाते, मीठ अडकते. ते छिद्र आधी गणितात सापडले. पुढे त्याची ओळख अॅक्वापोरिन-1 या प्रथिनाशी पटली. अॅक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर अॅग्र यांना 2003 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हे सगळे पुस्तकी वाटेल, पण त्याचा थेट संबंध ताटातल्या पापड-लोणच्याशी आहे. झटपट फेऱ्यांमध्ये पाणी भरपूर निघाले, तरी मीठ मागे राहते. मीठ राहिले की तहान लागते, रक्तदाब चढतो. तुर्कस्तानातल्या रुग्णांवरच्या अभ्यासात 2001 मध्ये असे दिसले, की रोज किती पाणी आणि किती सोडियम बाहेर पडते यावर जगणे अवलंबून असते. युरोपात लघवी पूर्ण थांबलेल्या, यंत्राने रात्री पोटाचे डायलिसिस करणाऱ्या रुग्णांत दिवसाला 750 मिलीपेक्षा कमी पाणी निघणाऱ्यांची अवस्था वाईट होती. माझा कल या विचाराकडे आहे, हे लपवत नाही. आमच्याकडे रुग्ण येतात ते धाप लागून. युरियाने ग्लानी येऊन आलेले माझ्या पाहण्यात फार थोडे.

आणि पाणी मोजणे वाटते तितके सोपे नसते. ताणकाट्याला पिशवी अडकवली, आकडा वाचला, लिहिला, एवढेच आपण शिकवतो. पण दोन लिटरच्या नव्या पिशवीत दोन लिटरहून थोडे जास्त पाणी भरलेले असते. नळी धुऊन घ्यायला ते लागते. ते धुण्याचे पाणी निचऱ्याच्या पिशवीत जाऊन बसते आणि घरचा माणूस शेवटी सगळे एकत्र तोलतो. एका वेळेला 100 मिली जादा धरले, तर चार वेळांचे 400 झाले. वहीत रोज 900 मिली पाणी निघालेले दिसते, खरे निघते 500. डॉक्टर वहीवर विसंबून कमी ग्लुकोजची पिवळीच पिशवी चालू ठेवतात, आणि महिन्याभरात माणूस सुजून दारात उभा राहतो. मी ही चूक पकडायला शिकले, ती एका निवृत्त पोस्टमास्तरांकडून. त्यांनी घरी रिकामी पिशवी, भरलेली पिशवी आणि धुण्याचे पाणी असे वेगवेगळे तोलून पाहिले होते. “हिशेबात दीडशेचा फरक पडतोय, मॅडम,” असे ते म्हणाले तेव्हा मला आधी वाटले, की काका उगाच खोलात जातात.

गेल्या काही वर्षांत या क्षेत्राने एक मोठे वळण घेतले आहे. निरनिराळ्या देशांतले रुग्ण, त्यांचे घरचे लोक आणि डॉक्टर यांना एकत्र विचारून, पोटाच्या डायलिसिसच्या प्रत्येक संशोधनात काय मोजलेच पाहिजे याची यादी केली गेली. त्यात पाच गोष्टी आल्या. जंतुसंसर्ग, हृदयविकार, मृत्यू, हा उपचार किती काळ टिकतो आणि माणूस आपल्या आयुष्यात किती सहभागी होऊ शकतो. केटी/व्ही त्या पाचांत नाही. 2020 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही ‘पुरेसे डायलिसिस’ ही भाषा मागे ठेवून रुग्णाने स्वतः ठरवलेल्या उद्दिष्टांची भाषा स्वीकारली. युरियाची सफाई त्यात आहे, पण अनेकांतली एक म्हणून. केंद्राचा दर्जा जोखायला जंतुसंसर्गाचे माप आहे. 2022 च्या सूचनांप्रमाणे एका रुग्णामागे वर्षाला 0.4 पेक्षा जास्त वेळा पोटात संसर्ग होऊ नये, म्हणजे सरासरीने तीस महिन्यांत एकदा. हा आकडा भिंतीवर लावण्याची हिंमत प्रत्येक केंद्राने दाखवावी, असे मला मनापासून वाटते.

हे सगळे मराठीत आणि आत्ताच का, याचेही कारण आहे. भारतात घरी करायचे पोटाचे डायलिसिस 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आले. हाँगकाँगने 1985 पासून ‘आधी पोटाचे’ हे धोरण राबवले, आपल्याकडे मात्र ते यंत्राच्या सावलीतच राहिले. 2016 च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला तोही यंत्रावरच्या डायलिसिससाठी. पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वे त्यात 2019 मध्ये आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला आणि कितीतरी गावांचे रस्ते अनेक दिवस बंद राहिले. आठवड्यातून तीनदा तालुक्याला गेल्याशिवाय ज्यांचे भागत नाही, त्यांच्यासाठी अडलेला रस्ता म्हणजे काय हे तेव्हा कळले. पुढच्या वर्षीच्या टाळेबंदीत ते पुन्हा कळले. माळ्यावर महिन्याभराच्या पिशव्यांची खोकी असलेल्या घराला त्या दिवसांत निदान डायलिसिसची चिंता नव्हती.

पण घरी डायलिसिस म्हणजे मोजमापही घरीच. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण दिवसाला तीनच पिशव्या वापरतात. वजन कमी असते, लघवी शिल्लक असते आणि पैसे मोजून असतात. यात गैर काही नाही. किडनी जेवढे करते तेवढे करू द्यावे, उरलेले पिशवीने करावे, ही पद्धत आता जगभर मान्य आहे. तिची एक अट आहे, ती म्हणजे लघवी वरचेवर मोजणे. नेमकी तीच आपल्याकडे पाळली जात नाही. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवायची, तो कॅन एसटीतून घेऊन यायचा, याची लाज वाटते. बायकांना तर फारच. मग प्रयोगशाळेत ‘आज आणली नाही’ असे लिहिले जाते, आणि तीन पिशव्यांवर सुरू झालेला माणूस लघवी थांबल्यानंतरही तीनच पिशव्यांवर राहतो. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी त्या उरल्यासुरल्या किडनीचा घास घेते, हेही कुणी सांगितलेले नसते.

या संग्रहातले लेख डॉक्टरांनी, डायलिसिसच्या सिस्टरांनी, आहारतज्ज्ञांनी आणि काही रुग्णांच्या घरच्यांनी लिहिले आहेत. तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणारा फॅमिली डॉक्टर, नर्सिंगची विद्यार्थिनी आणि वही सांभाळणारी घरातली व्यक्ती, असे तीन वाचक आम्ही डोळ्यांपुढे ठेवले. सूत्रे आली आहेत, पण प्रत्येक सूत्राजवळ एक सोडवलेले उदाहरण आहे, कागद-पेन्सिल घेऊन करून पाहता येईल असे. मतभेद आम्ही मिटवलेले नाहीत. युरियाच्या सफाईला मी देते त्याहून जास्त वजन देणारे लेखक इथे आहेत आणि त्यांचा युक्तिवाद मला अनेक ठिकाणी निरुत्तर करतो. लहान मुलांचे पोटाचे डायलिसिस हा स्वतंत्र विषय आहे. त्याला इथे हात घातलेला नाही.

शब्दांबद्दल थोडे. संपादन करताना ‘उदरावरणीय अपोहन’ असे लिहून पाहिले. वाचून दाखवल्यावर आमच्या एका सिस्टर म्हणाल्या, “हे मी पेशंटला सांगितलं, तर तो ऑपरेशन आहे समजून पळून जाईल.” तेव्हापासून रुग्ण बोलतात तेच शब्द ठेवले. पोटाचे डायलिसिस, पाणी सोडणे, पाणी काढणे, पिवळी पिशवी. केटी/व्ही आणि पेट यांना मराठी पर्याय घडवले नाहीत, कारण रिपोर्टवर तेच छापून येते आणि वाचकाला ते तिथे ओळखता यायला हवे.

पुस्तकाच्या शेवटी वहीचा एक नमुना दिला आहे. सकाळचे वजन, रक्तदाब, आत-बाहेरचे पाणी, धुण्याच्या पाण्याची वजाबाकी आणि आठवड्यातून एकदा लघवीचे माप, असे रकाने त्यात आहेत. उजवीकडचा सर्वांत रुंद रकाना आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हता. तो एका रुग्णाच्या पत्नीने सुचवला आणि त्याचे नावही त्यांचेच आहे, ‘आज काय काय केलं’. त्यांच्या स्वतःच्या वहीत त्या जागी मला दिसलेली एक नोंद अशी होती : “विहिरीपर्यंत चालत गेले. मोटर चालू करून परत आले. दम लागला नाही.”